कपाटामागची भिंत

“एकच आकडा बदलायचा आहे, मॅडम. त्यासाठी सकाळपासून किती ताणायचं?” ऑफिसचे प्रमुख म्हणाले आणि त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर गेल्या वादळाचा आलेख होता. तीन संस्थांची तीन मॉडेलं. समुद्र खवळला की पाणी वस्तीत कुठवर शिरेल हे तिन्ही सांगायची, आणि आता त्यांचं मिळून एक करायचं होतं. एक मॉडेल वारेवाल्यांचं, दुसरं लाटावाल्यांचं, तिसरं या मॅडमचं, म्हणजे भरतीवालीचं. ही नावं त्यांना कामावरून पडली होती आणि आता ती मीटिंगमध्येही चालायची. पहिली दोन मॉडेलं धक्क्यावरच्या पाणी मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदीला अगदी चिकटून चालली होती. हिचं भलतंच वर गेलं होतं. ते खाली ओढायचा उपायही सोपा होता. समुद्राचा तळ पाण्याला किती अडवतो, तो आकडा थोडा वाढवला की तिचंही पाणी शहाण्यासारखं खाली बसलं असतं.

“सर, पण यंत्राच्या रेषेचं डोकं बघा,” ती म्हणाली. “सपाट आहे. भर वादळात समुद्र असा टेबलासारखा थांबतो का? पाणी यंत्राच्या वर गेलं होतं. बुडालेलं यंत्र पुढचं काय मोजणार?”

“यंत्र प्रमाणित आहे.”

“बुडालेलंसुद्धा?”

वारेवाले खुदकन हसले आणि लगेच गंभीर झाले. लाटावाल्यांनी घसा साफ केला. “अहो, आमची दोन्ही जुळतायत. तुमचंच एक आडवं जातंय. मिळून काम करायचं म्हणजे थोडं जुळवून घ्यायला नको?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आकडा बदलला की नकाशा बदलणार होता, आणि वादळाआधी कोणत्या गल्ल्या रिकाम्या करायच्या ते त्या नकाशावरून ठरणार होतं. खालची वस्ती आज नकाशावर लाल होती, ती हिरवी झाली असती. त्या वस्तीत तिची थोरली बहीण तळमजल्यावर राहत होती, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना घेऊन. त्यांना हलवायचं म्हणजे चार माणसं आणि अर्धा दिवस. तोही इशारा मिळाला तर.

“माझ्या बहिणीच्या घरात पाणी डोक्याच्या वर होतं, सर. शेजाऱ्यांनी सासऱ्यांना गादीसकट वर नेलं म्हणून ते वाचले.”

“लोक घाबरले की गुडघाभर पाण्याला गळाभर म्हणतात,” प्रमुख समजुतीच्या सुरात म्हणाले. “या ऑफिसातही पाणी आलंच होतं की. याच खोलीत. यंत्राच्या हिशोबाने गुडघाभर. आणि तुमचं मॉडेल म्हणतं, इथे माणूस बुडाला असता.”

प्रमुखांची इथे बदली झाली ती वादळानंतर, भिंतींना रंग लागल्यावर. खोलीत अजून त्या रंगाचा वास होता. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

“बदला आणि सेव्ह करा. संध्याकाळी नकाशा पाठवायचा आहे.”

तिने लॅपटॉप पुढे ओढला. बॅटरी संपत आली होती. तिने प्लगसाठी इकडेतिकडे बघितलं.

“कपाटामागे आहे,” प्रमुख म्हणाले. “हात घालून लावावा लागतो.”

ती उठली, लोखंडी कपाटाच्या कडेला भिंतीला गाल टेकवून हात आत घालू लागली, आणि तशीच थांबली. कपाटामागे रंग नव्हता. रंगाऱ्याने कपाट न हलवता भोवतीने ब्रश फिरवला होता. आतली भिंत जुनीच होती. ती खाली चिखलाने तपकिरी झालेली, वर पांढरी, आणि मधे स्वच्छ आडवी रेघ. ती रेघ बघायला तिला मान वर करावी लागली.

“जरा हात लावता का दोघं?” ती म्हणाली.

वारेवाले आणि लाटावाले उठले. तिघांनी मिळून कपाट करकरत बाजूला ओढलं. दिवसभरात तिघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

प्रमुख चष्मा पुसत भिंतीजवळ आले. रेघ त्यांच्या डोक्याच्या चांगली वर होती. हनुवटी उचलून त्यांनी ती बराच वेळ बघितली.

“ओल आहे. छपराची.”

“छपराची ओल वरून खाली उतरते, सर. ही खालून वर चढलीय. वरची भिंत कोरडी आहे, हात लावून बघा.”

प्रमुखांनी हात वर नेला आणि अर्ध्यावरूनच खाली घेतला.

“भिंतीची नोंद धरता येत नाही,” ते म्हणाले. “कपाट होतं तिथे सरकवून घ्या. आणि मॅडम, तेवढा आकडा.”

“प्लग आता मोकळा झालाय, सर.” तिने लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. “आकडा तुम्ही बदला. खाली नाव तुमचं घाला. आणि माझ्या बहिणीला फोन करून सांगा की तिला गुडघाभर पाण्यात बुडायची भीती वाटते.”

प्रमुखांनी लाटावाल्यांकडे बघितलं. “तुम्ही जरा लावा हो हे कपाट.”

लाटावाल्यांचा हात अजून कपाटावरच होता. ते भिंतीवरच्या रेघेकडे बघत होते, मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, जिथे त्यांच्या मॉडेलची रेषा यंत्राच्या रेषेसारखीच वर जाऊन सपाट झाली होती. त्यांनी कपाटावरचा हात काढला आणि खिशात घातला.