तिजोरीतला हात

सिनेमातला देखणा चोर तिजोरी उघडायचा, तेव्हा पडद्यावर दिसणारा हात तिच्या बाबांचा असायचा. बाबा कुलपं दुरुस्त करायचे. नटाची बोटं अडखळायची, म्हणून तेवढ्या दृश्यापुरतं त्यांना बोलावलं होतं.

बाबांना जाऊन आठवडा झाला होता. दुपारी ती आणि दादा तोच सिनेमा लावून बसले.

"बाबांची अंगठी तूच ढापलीस," टीव्हीवरची नजर न हटवता दादा म्हणाला. "घरातही एक चोर निघाला म्हणायचा."

"दवाखान्यात पडली असेल कुठे."

अंगठी तिच्या गळ्यातल्या साखळीत, कपड्याआड होती. बाबांचा हात गार पडायच्या आत तिनं ती ओढून काढली होती.

पडद्यावर तिजोरी उघडली. दरवेळी तो हात हिऱ्यांचा हार उचलायचा. आज त्यानं हार बाजूला सारला आणि तळवा वर करून तो थांबला. धोक्याची घंटा वाजली, पहारेकरी धावत आले. हात तसाच पसरलेला.

"कुणाकडे मागतायत ते?" दादानं विचारलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे मान वळवली.

पडद्यावरची बोटं 'दे' म्हणावं तशी हळूच मिटली. तिच्या गळ्यातली साखळी टीव्हीच्या दिशेनं ताणली गेली.