डावा सुळा

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पूर्ण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आयुष्यावर तुम्ही किती समाधानी आहात, त्या आकड्याला गोल करा."

डिंपलनं तीनला गोल केला. त्याच्या वरचा प्रश्न होता, दातांमुळे हसायला संकोच वाटतो का? तिथं तिनं 'नेहमी'वर टिक केली. अमळनेरच्या त्या शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी फॉर्म भरून घेतले आणि मग एकेकीला तोंड उघडायला लावलं.

नाव डिंपल, आणि हसायची वेळ आली की तोंडावर ओढणी. वर्गातल्या मुलींना चिडवायला एवढं पुरेसं होतं. तिचा वरचा डावा सुळा पुढच्या दातावर चढून बसला होता.

"मागे अन्न अडकतं, शेजारचा दात किडायला लागलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वडिलांना घेऊन दवाखान्यात ये."

घरी भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता. मेघा गेली तेव्हा डिंपल दीड वर्षाची. आईचा आवाज, हात, वास, काही म्हणता काही आठवत नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्ये ती सगळीकडे ओठ मिटून, मान खाली घालून बसलेली. हसरी आई बघायची तर हा एकच फोटो. एका ओळीतले, नीटनेटके दात. रोज वेणी घालताना डिंपल आरसा घेऊन त्याच्याखाली उभी राहायची आणि तसंच हसून बघायची. रोज तो सुळा मध्ये यायचा. आपल्यात आईचं काहीच उतरलं नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पप्पांना तर नाहीच.

तिचा बाप योगराज जेवायला नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायचा. जेवताना दोंडाईच्याच्या मामाची तीच ती गोष्ट सांगायचा. मामा झोपेत स्टेशन चुकतो आणि भलतीकडेच उतरतो. शंभर वेळा ऐकूनही डिंपलला हसू फुटायचं, मग हात तोंडावर जायचा.

त्या दिवशी शेजारच्या शेवंताबाई ताक मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, "हासनी का जशी मेघाच!"

डिंपलनं रागानं फोटोकडे पाहिलं. लोक उगाच समजूत काढतात, दुसरं काय.

"ऱ्हाऊ द्या अक्का," योगराज घाईनं म्हणाला. "तिले जेवू द्या."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. "तारा लावल्या तर सुळा हळूहळू जागेवर येईल. दीड-दोन वर्षं लागतील. नाहीतर काढावा लागेल."

"काढून टाका," डिंपल म्हणाली.

"ठेवता येत असेल तर..." योगराजनं तोंड उघडलं, पण लेकीकडे बघून थांबला. "तुले नकोच शे का तो?"

"नको."

त्यानं संमतीच्या कागदावर सही केली.

काम पंधरा मिनिटांत आटोपलं. डॉक्टरीणबाई ट्रे उचलायला लागल्या तेव्हा योगराज म्हणाला, "तो दात माझ्याकडे द्या."

त्यानं दात रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवला. रस्त्यात गालाला हात लावून डिंपल म्हणाली, "घरवर फेकी द्या ना पप्पा."

"ते लहानपणना दात फेकतस. हाऊ ऱ्हाऊ दे."

महिन्याभरात जखम भरली. शेजारच्या दातात सिमेंट भरून झालं. डिंपल आरसा घेऊन फोटोखाली उभी राहिली आणि हसली. थोडी फट होती, पण आता ती खरंच आईसारखी दिसत होती. तिला रडूच आलं. जेवताना दोंडाईच्याच्या मामाची गोष्ट झाली, तेव्हा ती हात न लावता खळखळून हसली. योगराजनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. पप्पा दमले असतील, असं तिला वाटलं.

शाळेत पुन्हा तोच फॉर्म आला. तिनं नऊला गोल केला.

दहावीच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. बसस्टँडजवळच्या लोटन नानांच्या स्टुडिओत ती एकटीच गेली. तालुक्यात कुणी वारलं की भिंतीवर लावायचा फोटो नानांकडेच व्हायचा. कुणाला ते कधी न घातलेला कोट घालत, कुणाच्या कपाळावरचा डाग काढत, कुणाचं टक्कल झाकत. गिऱ्हाईक खूश, नाना खूश.

"योगराजनी पोर ना तू?" नानांनी चष्मा वर केला. "तुन्हा सुळा कथा गया?"

"दवाखानामा काढी टाका, नाना."

"बेस कयं! आते कशी मोकळी हासस." नानांना एकदम हुरूप आला. त्यांनी कॉम्प्युटरकडे खुर्ची फिरवली. "ये, मनी कारागिरी दखाडस तुले. तुन्ही मायना फोटू मीच बनाडा व्हता. इतला साफ करी दिन्हा, तरी तुन्हा बाप मन्हावर चिडना! कसाले, ते माले आजपावत समजनं नही."

"जुना फोटो आहे अजून?" डिंपल पुढे सरकली.

"मी कोनाच फोटू पुसस नही."

नानांनी एक फोल्डर उघडलं, मग त्यातलं दुसरं. पडद्यावर फोटो हळूहळू वरून खाली उमटत गेला. डोक्यावरचा पदर, मग कपाळ, मग हसरे डोळे. डिंपल वाकून बघत होती.

आई तोंड भरून हसत होती, आणि तिचा वरचा डावा सुळा पुढच्या दातावर चढून बसला होता.