कुंपणाचा कागद

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा सलग दुसरे वर्ष पावसाविना गेले होते. तरीही एका साहेबांच्या बंगल्याभोवती लाकडी कुंपण घालण्याची निकड कुणालातरी भासली. वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेले हिरवट लाकूड परराज्यातून आले आणि सोबत देखभालीचा इंग्रजी कागद. कापून उरलेले तुकडे सुतार मलप्पाने, रिवाजाप्रमाणे, महिनाभर घरच्या चुलीसाठी नेले.

कुंपणाला तेल देण्याच्या दिवशी ओव्हरसियरने तो कागद प्रथमच उघडला. कुंपण जगवण्याच्या अकरा सूचना आधी होत्या. माणसांविषयीची एकच, तळाशी.

"लाकूड पुरतं वाळू द्या. कापलेल्या टोकांना औषध लावा. मग तेलाचे दोन हात. वीस वर्षं वाळवी फिरकायची नाही बघ, मलप्पा! आणि हे खाली... तुकडे जाळू नयेत, राख विषारी असते."

"सायेब, ते शेवटचं परत वाचा."

ओव्हरसियरने परत वाचले. मलप्पा कुंचला टाकून घराकडे धावला. त्याची सहा वर्षांची लेक शिवकन्या आठ दिवसांपासून खाल्लेले ओकत होती. आधी चूल विझवायची, मग राख लांब नेऊन पुरायची, एवढेच तो स्वतःला बजावत होता.

दारातच त्याची बायको दानम्मा लेकीचे ताट फडक्याने पुसत बसली होती.



"घागरीतलं पाणी लेकराला प्यायला राखलंय," ती अभिमानाने म्हणाली. "महिना झाला, भांडी नुसत्या राखेनंच घासतेय मी."