तीन ठोके

पत्र्याच्या आतून तीन ठोके आले आणि शांतम्माच्या हातातली रिवेट ठोकायची गन थांबली.

एक ठोका म्हणजे अजून दाब. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे रिवेट, पत्र्याला पत्रा जोडणारा खिळा, बिघडला, काढून टाक. विमानाच्या शेपटीचा भाग तो, आत एक बारकं माणूस कसंबसं मावायचं. केवळाबाई आत शिरून रिवेटच्या बुडाला लोखंडी ठोकळा धरायची, बाहेरून शांतम्मा गन चालवायची. त्या कडकडाटात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून हे ठोके.

कालच पाण्याच्या टँकरवर नंबरावरून दोघींची जुंपली, शांतम्मानं ढकललं तशी केवळाबाईनं तिची घागर लाथेनं आडवी केली होती. भरलेली घागर! जिल्हा नवा झाला, एमआयडीसी आली, विमानाचं काम आलं. टँकर मात्र आठवड्यातनं एकदाच यायचा.

सुपरवायझर व्यंकटी तणतणत आला. माल संध्याकाळच्या गाडीनं जायचा होता. रिवेट काढून नवा बसवायचा, वर तपासणी पुन्हा करायची म्हणजे गाडी हुकणार. आत वाकून बघावं तर त्याचं पोट भोकातनं जाईना. मग तो शांतम्माला गोडीत समजवायला लागला. ती बाई कालचा राग काढून राहिली, तू दोनच ठोके ऐकले म्हण आणि पुढं चल. एक तारखेपासून तुला कायम करतो.

कायम! याच शब्दासाठी तिनं रोजंदारीवर हाडं झिजवली होती. आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, सूडच उगवतेय सटवी. रागानं तिचे कान तापले. पण सकाळपासून केवळाबाईच्या त्याच हातानं तिला दोन-दोन ठोके दिले होते. सूडच घ्यायचा तर पहिल्याच रिवेटला घेतला असता.

तिनं गन ठेवली आणि रिवेट काढायचं ड्रिल उचललं.

"मग कायमचं इसरून जा," व्यंकटी म्हणाला. त्याचा आवाज आता गोड नव्हता.

शांतम्मानं ड्रिल काही खाली ठेवलं नाही.

"टँकरवर ती लई लबाड हाय, साहेब," ती म्हणाली. "पुढच्या टँकरला म्या तिच्या झिंज्या धरणार हाय. पण ठोक्यात ती लबाड न्हाई."

आणि तिनं ड्रिलचं बटण दाबलं.