डावीकडचा टायर

तिसरा टायर फुटला तेव्हा आर्लनने शिवीसुद्धा दिली नाही. गाडी कडेला घेतली, उतरून मागे गेला आणि नव्याकोऱ्या ट्रेलरच्या डाव्या चाकाकडे बघत उभा राहिला. रबराच्या चिंध्या पार मागच्या वळणापर्यंत पसरल्या होत्या. वायोमिंगच्या वाऱ्यात डोक्यावरची टोपी हाताने धरून ठेवावी लागत होती.

त्याच्या बायकोने, बर्डीनने, गाडीची काच खाली केली. "टायरच भिकार आहेत. लाव कंपनीला फोन."

"लावतो."

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, यांची तेवढीही टिकली नाही. नेब्रास्कातलं घर विकून नवराबायकोने हे चाकांवरचं घर घेतलं आणि ओरेगॉनचा समुद्र गाठायला निघाली. डावीकडचा पहिला टायर राज्याची हद्द ओलांडायच्या आत गेला. मग उजवीकडचा. आता पुन्हा डावीकडचा.

वॉरंटीचं म्हणाल तर नुसती टोलवाटोलवी. विकणारा म्हणे टायरवाल्याला विचारा, टायरवाला म्हणे ट्रेलर बनवणाऱ्याला, आणि बनवणारा म्हणे ज्याच्याकडून घेतला त्यालाच गाठा. सगळ्यांचं पालुपद मात्र एकच. तुम्ही जादा वजन भरलं असणार.

जादा वजन! हे शब्द ऐकले की बर्डीनचं डोकं फिरायचं. भरायला होतंच काय? त्यांचा एकुलता एक मुलगा, टॉड, बर्फावर गाडी घसरून गेला. त्यानंतर दोन हिवाळे दोघं एकाच टेबलाशी बसून न बोलता जेवली. शेवटी बर्डीन म्हणाली, असंच चाललं तर मी भावाकडे निघून जाईन, कायमची. तेव्हा ठरलं. घर विकायचं, रस्त्याला लागायचं आणि टॉडची एकही वस्तू बरोबर घ्यायची नाही. नाहीतर जुनं घरच मागे ओढत नेल्यासारखं होईल, असं तीच म्हणाली होती. ज्याने शब्द मोडला त्याचा संसार संपला, हेही तिनेच बजावलं होतं.

आवराआवर झाली. टॉडचे कपडे चर्चला गेले. तो जुन्या पिकअपसाठी जुळवत होता ते अर्धवट इंजिन आर्लन भंगारवाल्याकडे घेऊन गेला. कबरीवरचा लहान दगड काढून बर्डीनने मोठा बसवून घेतला, आपण नसताना गवतात हरवायला नको म्हणून. आर्लन बँकेत गेला त्या दिवशी तिने भावाला बोलावून आपलं सामान लावून घेतलं. पलंगाखाली तिच्या रजया, जेवायच्या बाकाखाली आर्लनची हत्यारं.

आणि खरं सांगायचं तर बर्डीन सुधारत होती. मुक्कामाला पोचलं की रानफुलं तोडून आणायची आणि पलंगाशी, खाली जमिनीवर, ग्लासात ठेवायची. टेबलावर का नाही, असं आर्लनने एकदा विचारलं.

"चालतं घर आहे, आर्लन. उंचावरचं पडतं."

त्यालाही ते पटलं.

फुटका टायर बदलून दोघांनी ट्रेलर जवळच्या गावातल्या गॅरेजात आणला. फोनवर बर्डीनच भांडली. माणूस पाठवा, नाहीतर वकील बघते, म्हणाली. दोन दिवसांनी कंपनीचा ग्रेडी आला. पोरगेलाच, पण बोलायला सरळ. त्याने प्रत्येक चाकाखाली वजनकाट्याची सपाट पाटी सरकवली. उजवीकडे वजन जास्त भरलं, डावीकडे तर फारच जास्त. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

ग्रेडी म्हणाला, आत एकदा बघू का, कधी कधी लोकांना स्वतःलाच आठवत नाही काय भरलंय ते.

"काही गरज नाही," दोघं एकदमच म्हणाली.

ग्रेडीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग वॉरंटी मिळणार नाही असं सांगून सामान आवरलं. जाताना एवढंच म्हणाला, की पुढे घाट आहे, उतारावर टायर गेला तर ट्रेलर तुम्हाला दरीत घेऊन जाईल.

तो गेला. आर्लन आत येऊन बाकावर बसला. बायको आपल्यासाठी साऱ्या जगाशी भांडली, आतासुद्धा एका शब्दाने न विचारता आपल्या बाजूने उभी राहिली, हे त्याला सोसवेना. सांगावं तर ती जाणार. न सांगावं तर पुढे घाट.

"बर्डीन, या बाकाखाली हत्यारं नाहीत," तो म्हणाला. "टॉडचं इंजिन आहे. सुटं करून ठेवलंय. भंगारवाल्याच्या दारातून परत आणलं. मला नाही टाकवलं गं."

तिचा चेहरा बघायचा त्याला धीर होईना. खाली मान घालूनच त्याने सांगितलं, की शब्द मी मोडला. तुला भावाकडे जायचं तर सकाळी बसवर बसवून देतो. तुला दोष देणार नाही. आणि मग म्हातारा ढसाढसा रडला.

त्याचं रडणं ओसरल्यावर तिने विचारलं, "बाक कुठल्या बाजूला आहे, आर्लन?"

"उजव्या."

"आणि टायर?"

"एक उजवीकडचा गेला." तो डोळे पुसत म्हणाला, "दोन डावीकडचे."

बर्डीन उठली. डाव्या अंगाला पलंगाशी ठेवलेला फुलांचा ग्लास तिने जपून बाजूला केला. गादी वर घेतली, खालची फळी उचलली.

आत एकच रजई होती, आणि तिच्या घडीत, टॉडचं नाव वर करून, कबरीवरचा तो लहान दगड निजवलेला होता.