सैल सपात

महिन्यापूर्वी पायाचं प्लास्टर निघालं, डॉक्टर “चाला” म्हणाले, तरी बायको पलंगावरून उतरायला तयार नव्हती. “फरशी गार लागते,” एकच पालुपद. शेवटी तिच्याच सुया घेऊन मी तिच्यासाठी लोकरीच्या सपाता विणायला बसलो. जन्मभर ट्रक चालवलेले हात! “अहो, स्टिअरिंग नाही ते, सैल धरा,” ती ओरडायची आणि टाका चुकला की अख्खी ओळ उसवायला लावायची. चूक खपवून घेणं तिच्या स्वभावातच नाही. कशीबशी जोडी झाली. पहिली सपात आवळून बसणारी, दुसरी इतकी सैल की तिच्यात मांजर झोपावं. तिनं दोन्ही चढवल्या आणि बघत राहिली. मी ओशाळून म्हणालो, “दे इकडे, उसवतो.” तशी ती ताडकन उठली. “खबरदार हात लावलात तर!” आणि भिंत धरून लंगडत स्वयंपाकघराकडे पळाली. “उसवणारच!” म्हणत मी मुद्दाम मागे लागलो.