एक वाजताची माया

दुपारी एकच्या ठोक्याला आईचा फोन वाजतो. परगावच्या दादाचा मेसेज असतो: "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" आई चष्मा लावून तो दोनदा वाचते आणि ताट वाढून गोळी हातावर ठेवणाऱ्या मला ऐकवते, "याला म्हणतात माया! एक दिवस चुकत नाही माझं लेकरू. आणि तू? सदानकदा त्या स्क्रीनवर ठोकळे जोडत बसलेला."

ते ठोकळे हीच तर माझी नोकरी. एक ठोकळा ब्राउझर उघडतो, दुसरा मजकूर टाइप करतो, तिसरा 'पाठवा'वर क्लिक करतो. ओळीने जोडून दिले की काम रोज आपोआप होतं. गेल्या वर्षी दादाच म्हणाला होता, "माझ्या लक्षात राहत नाही रे. माझ्या अकाउंटवरून आईला रोज मेसेज जाईल असं काहीतरी करून दे." मी दहा मिनिटांत करून दिलं. तेव्हापासून रोज एक वाजता माझ्याच पोटात दुखतं.

आईला खरं सांगायचं जिवावर येतं. पण काल अगदीच राहवेना, म्हणून मजकुराच्या ठोकळ्यात हळूच एक ओळ वाढवली: "धाकटा तुझं किती करतो, कधीतरी त्याचंही कौतुक कर."

आज एक वाजला. आईने मेसेज वाचला. पुन्हा वाचला. तिचे डोळे भरून आले. मी ताट हातात धरून उभाच.

 

"बघ, केवढं मोठं मन त्याचं! नाहीतर तू, जळकुकडा मेला."